बेलापूरची कमान, चिनाबचे खोरे

जम्मू-काश्मीरमधील रियासी जिल्ह्यात चिनाब नदीवर उभी असलेली पोलादी कमान पाहायला आज देशभरातून पर्यटक जातात. हा पूल ज्या संस्थेच्या देखरेखीखाली बांधला गेला, तिचे मुख्यालय मात्र नवी मुंबईत, सीबीडी बेलापूरला आहे. ती संस्था म्हणजे कोकण रेल्वे महामंडळ.

१९९० साली स्थापन झालेल्या या महामंडळाचे पहिले अध्यक्ष होते ई. श्रीधरन. सह्याद्रीच्या पायथ्याचे कातळ, खाड्या आणि पावसाळ्यातल्या दरडी यांतून वाट काढत १९९८ मध्ये मार्ग पूर्ण झाला. रत्नागिरीजवळचा ६४ मीटर उंचीचा पानवल पूल त्याच काळातला. पण डोंगर कापला म्हणजे जिंकला असे होत नाही. जून २००३ मध्ये वैभववाडीजवळ रुळांवर आलेल्या दरडीने गाडी घसरली आणि पन्नासांहून अधिक प्रवासी मृत्युमुखी पडले.

पुढच्याच वर्षी, २००४ मध्ये, चिनाब पुलाचे कंत्राट दिले गेले.

येथे कमानच का, याचे उत्तर दरीत आहे. रूळ नदीपात्रापासून ३५९ मीटर उंचीवर. एवढ्या खोल पात्रात खांब उभारणे व्यवहार्य नव्हते. कमान आपला भार दोन्ही काठांच्या उतारांवर सोपवते. म्हणजे खरा प्रश्न पोलादाचा नव्हताच. भेगाळलेल्या डोलोमाइट खडकाचा तो उतार हा भार पेलेल का, हा होता.

सुरक्षिततेच्या शंकांमुळे २००८ मध्ये काम थांबले, मग पुन्हा सुरू झाले. पुढे दिल्ली उच्च न्यायालयाने या मार्गाच्या तपासणीसाठी नेमलेल्या समितीचे अध्यक्ष होते तेच श्रीधरन, आणि त्यांचे मत मार्गाच्या विरोधात गेले. संस्थेचा पाया घालणारा अभियंता एका बाजूला, तीच संस्था दुसऱ्या बाजूला! अखेरीस पूल ठरलेल्या जागीच झाला. श्रीधरन यांच्या आक्षेपाला विघ्नसंतोष म्हणणे अन्यायाचे ठरेल. उतारांविषयीची त्यांची धास्ती कोकणच्या अनुभवातून आली होती.

आयफेल टॉवरपेक्षा उंच, ही तुलना आता सर्वांच्या तोंडपाठ आहे. इतिहासाच्या अभ्यासकाला मात्र आयफेलचेच दुसरे काम आठवावे : फ्रान्समधील गाराबी येथील रेल्वे कमान, १८८४ ची, १६५ मीटर गाळ्याची. तीही दोन्ही काठांकडून तारांच्या आधाराने पुढे सरकवत मध्यभागी जोडली होती. चिनाबचा गाळा ४६७ मीटरचा, पण रीत त्याच घराण्यातली. दोन्ही अर्धकमानी ५ एप्रिल २०२१ रोजी एकमेकींना भिडल्या. ६ जून २०२५ रोजी पुलाचे उद्घाटन झाले.

गंमत अशी की, गाडीतून जाणाऱ्याला कमान दिसतच नाही. १,३१५ मीटरचा पूल ताशी १०० किलोमीटर वेगाने मिनिटभरातच सरतो. खिडकीतून दिसते ती केवळ दरी. कमान पाहायची तर समोरच्या डोंगरावर, लांब जाऊन उभे राहावे लागते. तिथे गेलात तर मधल्या उंचीवर नजर खिळवून ठेवू नका. कमानीचे पाय जिथे टेकतात, तिथल्या उतारावर लोखंडी गजांनी आणि काँक्रीटच्या थरांनी बांधून ठेवलेला खडक आधी पाहा.