डोळ्यांचा रंग : काळा, घारा की तपकिरी? आपला रंग असा ओळखावा

कुंडम (जबलपूर) : आपल्या डोळ्यांचा रंग कोणता, या प्रश्नाला आपल्याकडील बहुसंख्य माणसे ‘काळा’ असे उत्तर देतात. जबलपूरहून डिंडोरीकडे जाणाऱ्या मार्गावरील कुंडम हा गोंड आदिवासींची मोठी वस्ती असलेला तालुका असो की कोकणातील एखादे गाव, बोलीभाषेत डोळे काळेच असतात. नेत्रविज्ञानाच्या दृष्टीने मात्र खरोखर काळे बुबुळ जवळजवळ आढळतच नाही. ज्याला आपण काळा म्हणतो, तो गडद तपकिरी रंग असतो.

हा फरक केवळ शब्दांचा नाही. परदेशी स्थलांतराच्या अर्जांत डोळ्यांचा रंग नोंदवावा लागतो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, प्रौढ वयात हा रंग सहसा बदलत नाही. तो बदलला, विशेषतः एकाच डोळ्यात बदलला, तर ती आजाराची खूण असू शकते. मूळ रंग ठाऊक असेल तरच बदल वेळेत लक्षात येतो.

एक रंगद्रव्य, अनेक छटा

डोळ्याच्या मध्यभागी दिसणारा काळा गोल म्हणजे बाहुली. ते प्रत्यक्षात प्रकाश आत जाण्याचे छिद्र असते आणि ते सर्वांचेच काळे दिसते. बाहुलीभोवतीचे रंगीत कडे म्हणजे बुबुळ. शास्त्रीय परिभाषेत त्याला परितारिका म्हणतात. डोळ्यांचा रंग म्हणजे या कड्याचा रंग. त्याच्यावर घड्याळाच्या काचेसारखे पारदर्शक पारपटल असते.

बुबुळाच्या मागील थरात जवळजवळ सर्व माणसांमध्ये मेलॅनिन हे गडद रंगद्रव्य भरपूर असते. फरक पडतो तो पुढच्या थरात. तेथे मेलॅनिन भरपूर असेल तर डोळा गडद तपकिरी, कमी असेल तर फिकट तपकिरी आणि फारच थोडे असेल तर निळा दिसतो. निळ्या डोळ्यांत निळे रंगद्रव्य नसते. पुढच्या थरातील सूक्ष्म तंतूंमुळे प्रकाश विखुरतो आणि त्यातील निळा भाग अधिक प्रमाणात बाहेर परततो. आकाश निळे दिसण्यामागेही प्रकाशाचे असेच विखुरणे असते. हिरव्या डोळ्यांतही हिरवे द्रव्य नसते. थोडे मेलॅनिन, पिवळसर झाक आणि विखुरलेला प्रकाश यांच्या मिश्रणातून ती छटा तयार होते.

जगातील सुमारे ७० ते ८० टक्के लोकांचे डोळे तपकिरी असावेत, असा सर्वसाधारण अंदाज आहे. निळ्या डोळ्यांचे प्रमाण ८ ते १० टक्के, तर हिरव्या डोळ्यांचे सुमारे २ टक्के मानले जाते.

‘घारे’ म्हणजे नेमके कोणते?

मराठीत काळ्या नसलेल्या डोळ्यांसाठी ‘घारे’ हा एकच शब्द सर्रास वापरला जातो. त्यात करडे, हिरवट, निळसर, मधाच्या रंगाचे आणि फिकट पिंगट असे सर्वच डोळे येतात. हिंदीत यासाठी ‘कंजी आँखें’ हा प्रयोग आहे. जबलपूरसारख्या शहरात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या मराठी कुटुंबांना आणखी एक घोटाळा परिचित असेल. हिंदीतील ‘भूरी’ म्हणजे तपकिरी. मराठीत मात्र ‘भुरा’ म्हटले की फिकट, धुरकट रंग डोळ्यांसमोर येतो.

घाऱ्या डोळ्यांचा विषय निघाला की महाराष्ट्रात कोकणस्थांचा उल्लेख ठरलेला असतो. ब्रिटिश अधिकारी हर्बर्ट रिस्ले यांनी १९०८ च्या ‘द पीपल ऑफ इंडिया’ या ग्रंथात भारतीयांचे डोळे जवळजवळ सर्वत्र गडद तपकिरी असल्याचे सांगून करड्या डोळ्यांचा अपवाद म्हणून कोकणस्थ ब्राह्मणांची नोंद केली होती. तथापि, घारे डोळे ही कोणत्याही एका जातीची मक्तेदारी नाही. किनारपट्टीवरील इतर समाजांत, देशावर, तसेच काश्मीर आणि वायव्य भागातही असे डोळे आढळतात. रंगावरून एखाद्याचे मूळ परदेशात शोधण्याच्या अनेक दंतकथा प्रचलित आहेत, परंतु केवळ डोळ्यांच्या रंगावरून कोणाचाही वंश किंवा जात सिद्ध होत नाही.

रंगावरून माणसांची प्रतवारी लावण्याचा इतिहास भयंकर आहे. जर्मनभाषक मानवशास्त्रज्ञ रुडॉल्फ मार्टिन यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी १६ काचेच्या डोळ्यांची मोजपट्टी तयार केली. पुढे अशी साधने वंशभेदाच्या कामी जुंपली गेली. मराठी वाचकांना परिचित असलेल्या इरावती कर्वे यांनी १९२८ मध्ये मुंबई विद्यापीठात चित्पावनांवर प्रबंध सादर केला आणि त्यानंतर बर्लिनच्या कैसर विल्हेल्म मानवशास्त्र संस्थेत ऑयगेन फिशर यांच्या हाताखाली संशोधन केले. कवट्यांच्या मोजमापांतून वंशाचा आणि कवटीच्या असमानतेचा संबंध आढळत नाही, असा निष्कर्ष त्यांनी मार्गदर्शकाच्या अपेक्षेविरुद्ध मांडला. त्याच संस्थेत दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कारिन माग्नुसेन या संशोधिकेकडे, दोन डोळ्यांचे रंग भिन्न असण्याच्या अभ्यासासाठी, ऑशविट्झ छळछावणीत बळी गेलेल्या सिंती समाजातील लोकांचे डोळे पाठविण्यात आले होते.

आई-वडिलांचे डोळे काळे, मूल घारे कसे?

अनेक घरांत हा प्रश्न कुजबुजीच्या स्वरात विचारला जातो आणि त्याचा रोख आईवर असतो. विज्ञानाच्या दृष्टीने या संशयाला आधार नाही.

डेव्हनपोर्ट दांपत्याने १९०७ मध्ये डोळ्यांच्या रंगाची आनुवंशिकता मांडली. तपकिरी रंग प्रभावी, निळा रंग अप्रभावी, हे त्यातून रुजलेले गणित शालेय पुस्तकांतून वर्षानुवर्षे शिकविले गेले. प्रत्यक्षात हा रंग अनेक जनुके मिळून ठरवितात. त्यांतील प्रमुख दोन, ओसीए-२ आणि एचईआरसी-२, पंधराव्या गुणसूत्रावर शेजारी-शेजारी आहेत. कोपनहेगन विद्यापीठातील हान्स आयबर्ग आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये दाखवून दिले की, एचईआरसी-२ मधील एका बदलामुळे ओसीए-२ चे कार्य मंदावते आणि बुबुळात मेलॅनिन कमी तयार होते. हा बदल सुमारे ६ ते १० हजार वर्षांपूर्वी घडला असावा, असा त्यांचा अंदाज आहे. लंडन आणि रॉटरडॅम येथील संशोधकांच्या पुढाकाराने २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, सुमारे १ लाख ९५ हजार व्यक्तींच्या अभ्यासात रंगाशी निगडित ६१ जनुकीय स्थाने आढळली. त्यांपैकी ५० नवी होती. आशियाई लोकांच्या तपकिरी रंगातील गडद-फिकट छटांनाही मोठ्या प्रमाणात तीच जनुके कारणीभूत असल्याचे त्यात दिसून आले.

याचा व्यावहारिक अर्थ असा की, गडद डोळ्यांच्या दांपत्याला घाऱ्या डोळ्यांचे मूल होऊ शकते. कित्येक पिढ्यांआडची छटाही पुन्हा दिसू शकते. फिकट डोळ्यांच्या आई-वडिलांना गडद डोळ्यांचे मूल होणेही अशक्य नाही. डोळ्यांचा रंग हा पितृत्वाचा पुरावा ठरत नाही.

ओळख पटते ती रंगाने नव्हे, नक्षीने

‘नॅशनल जिओग्राफिक’च्या जून १९८५ च्या मुखपृष्ठावरील हिरव्या डोळ्यांची अफगाण मुलगी जगाला ठाऊक आहे. छायाचित्रकार स्टीव्ह मॅककरी यांनी २००२ मध्ये तिला पुन्हा शोधून काढले, तेव्हा संगणकतज्ज्ञ जॉन डॉगमन यांनी बुबुळांची नक्षी जुळवून तिची ओळख पक्की केली. बुबुळातील तंतू, खळगे आणि वलये यांची रचना प्रत्येकाची निराळी असते. एकाच माणसाच्या दोन डोळ्यांतही ती सारखी नसते.

याच तत्त्वावर ‘आधार’ची बुबुळनोंद चालते. नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या आदिवासी गावात २९ सप्टेंबर २०१० रोजी देशातील पहिल्या आधार क्रमांकांचे वितरण झाले. नोंदणीत दहा बोटांचे ठसे आणि दोन्ही बुबुळांची प्रतिमा घेतली जाते. शेतमजुरी, दगडफोड किंवा मातीकाम करणाऱ्यांच्या बोटांवरील रेषा झिजतात; कुंडमसारख्या कष्टकरी भागात म्हणूनच बुबुळाच्या नोंदीला विशेष महत्त्व आहे. हे यंत्र अवरक्त प्रकाश वापरते. त्या प्रकाशाला मेलॅनिन फारसे अडवीत नाही. त्यामुळे साध्या प्रकाशात एकसारखे काळे भासणारे बुबुळही नक्षीसह स्पष्ट दिसते. रंग यात विचारातच घेतला जात नाही.

आपला रंग कसा ओळखावा?

दिवसा खिडकीजवळ, थेट ऊन अंगावर येणार नाही अशा ठिकाणी उभे राहावे. बल्बच्या पिवळ्या प्रकाशात प्रत्येक डोळा अधिक तपकिरी वाटतो. भडक रंगाचे कपडे टाळावेत आणि चेहऱ्याजवळ पांढरा कागद धरावा. आरशात पाहावे किंवा दुसऱ्या व्यक्तीला मोबाइलच्या मागील कॅमेऱ्याने फ्लॅश व फिल्टर न वापरता जवळून छायाचित्र काढण्यास सांगावे. बाहुलीलगतचा भाग, मधला भाग आणि बाहेरची कड असे तीन भाग वेगवेगळे न्याहाळावेत. दोन्ही डोळे स्वतंत्रपणे तपासावेत.

त्यानंतर पुढील वर्णनांशी पडताळा घ्यावा.

गडद तपकिरी : भाजलेल्या कॉफीच्या बीसारखा, बाहुली आणि बुबुळ यांची सीमा चटकन दिसत नाही. भारतीयांमध्ये हाच रंग सर्वाधिक आढळतो.

फिकट तपकिरी : गुळाच्या किंवा कोऱ्या चहाच्या छटेचा, बाहुली स्पष्ट वेगळी दिसते.

मधाळ : पिवळसर, सोनेरी आणि सर्वत्र बहुधा एकसारखा.

हेझल : बाहुलीजवळ तपकिरी, बाहेर हिरवट किंवा सोनेरी. प्रकाशानुसार वेगळा भासतो. मराठीतील अनेक ‘घारे’ डोळे याच गटातील असतात.

हिरवा : तपकिरी भाग नाममात्र, संपूर्ण कड्यावर हिरवट झाक.

करडा : राखेसारखा, पिवळसर झाक जवळजवळ नसते.

निळा : फिकट आकाशी ते गडद निळा.

अमेरिकेच्या स्थलांतर विभागाच्या अर्जांत काळा, निळा, तपकिरी, करडा, हिरवा, हेझल, मरून आणि गुलाबी असे पर्याय दिलेले असतात. तेथे ‘काळा’ हा पर्याय असला, तरी बहुतेक भारतीयांसाठी अचूक नोंद ‘तपकिरी’ हीच ठरते. कॅनडाच्या स्थायी निवासाच्या अर्जातही डोळ्यांचा रंग विचारला जातो. सर्व कागदपत्रांत एकच नोंद ठेवणे सोयीचे असते.

रंग बदलल्यास दुर्लक्ष नको

नवजात बाळाच्या बुबुळात मेलॅनिन जन्मानंतरही तयार होत राहते. त्यामुळे पहिल्या काही महिन्यांत डोळे गडद होणे स्वाभाविक आहे. पुढील बदल मात्र डॉक्टरांना दाखवावेत.

लहान मुलाची बाहुली पांढरट दिसणे किंवा फ्लॅश वापरून काढलेल्या छायाचित्रात ती पांढरी चमकणे : हे दृष्टिपटलाच्या कर्करोगाचे, म्हणजे रेटिनोब्लास्टोमाचे, लक्षण असू शकते. वेळेत उपचार झाल्यास मुलाचा जीव आणि अनेकदा दृष्टीही वाचते. मुलांमधील मोतीबिंदूतही हीच खूण दिसते. दोन्ही शक्यतांत दिवस न दवडता तपासणी आवश्यक आहे.

एकच डोळा फिकट होणे : बुबुळाच्या दीर्घकालीन दाहामुळे असे होऊ शकते.

एकच डोळा गंजासारखा तपकिरी होणे : छिन्नी-हातोड्याचे काम करताना उडालेला लोखंडाचा कण डोळ्यात रुतून राहिल्यास काही काळाने रंग बदलतो आणि दृष्टी जाऊ शकते.

बुबुळावरील तीळ वाढणे किंवा आकार बदलणे : गाठीची शक्यता तपासावी लागते.

बुबुळाच्या कडेला करडे-पांढरे वलय : वृद्धांमध्ये ते सामान्य असते, चाळिशीच्या आत दिसल्यास रक्तातील कोलेस्टेरॉल तपासावे. सोनेरी-तपकिरी किंवा हिरवट वलय शरीरात तांबे साठविणाऱ्या विल्सन विकाराचे चिन्ह असू शकते.

गडद डोळ्यांच्या कुटुंबात मुलाचे एक किंवा दोन्ही डोळे लख्ख निळे असणे : अनेकदा हे निरुपद्रवी असते, परंतु वार्डेनबर्ग विकारात त्यासोबत जन्मजात बहिरेपण येऊ शकते. अशा बाळाची श्रवणचाचणी लवकर करावी.

काचबिंदूवरील काही थेंबांनी, उदाहरणार्थ लॅटॅनोप्रोस्टने, हेझल किंवा मिश्र रंगाचे डोळे कायमचे अधिक तपकिरी होऊ शकतात. तथापि, औषध स्वतःहून थांबवू नये. काचबिंदूमुळे गेलेली दृष्टी परत येत नाही.

धान्याचे कूस किंवा पात लागून झालेल्या जखमेनंतर डोळ्यात ‘फूल पडते’, तो बुबुळाच्या रंगातील बदल नसून पारपटलावरील व्रण असतो. अशा जखमेवर घरगुती रस, दूध किंवा दुकानातून परस्पर आणलेले स्टिरॉइडचे थेंब घालणे धोक्याचे असते.

रंगीत लेन्स आणि नेत्रदान

हौसेखातर वापरल्या जाणाऱ्या रंगीत लेन्सही नेत्रतज्ज्ञांनी मोजमाप घेतल्याशिवाय लावू नयेत. त्या इतरांसोबत वाटून वापरणे, नळाच्या पाण्याने धुणे किंवा लावून झोपणे यांमुळे पारपटलाला गंभीर जंतुसंसर्ग होऊ शकतो. केवळ रंग बदलण्यासाठी डोळ्यात कृत्रिम बुबुळ बसविण्याच्या शस्त्रक्रियेतून काचबिंदू आणि अंधत्व आल्याची उदाहरणे वैद्यकीय साहित्यात नोंदली गेली आहेत.

नेत्रदानाबाबत एक गैरसमज भाषेतूनच निर्माण झाला आहे. मराठीत पारपटलालाही ‘बुबुळ’ म्हटले जाते, त्यामुळे दात्याच्या डोळ्यांचा रंग रुग्णाला मिळेल, असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात प्रत्यारोपण होते ते पारदर्शक पारपटलाचे. त्याला रंग नसतो. दाता घाऱ्या डोळ्यांचा असो वा गडद तपकिरी, रुग्णाच्या डोळ्यांचा मूळ रंग बदलत नाही. मृत्यूनंतर साधारण सहा तासांच्या आत नेत्रदान व्हावे लागते. चष्मा असलेल्या किंवा मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेल्या व्यक्तीही ते करू शकतात.

घरातील प्रत्येकाच्या दोन्ही डोळ्यांचे दिवसाच्या प्रकाशातील एक स्पष्ट छायाचित्र तारखेसह जपून ठेवावे. पुढे बदलाची शंका आल्यास तुलनेसाठी ते डॉक्टरांच्या उपयोगी पडते.