रमण्यापासून विद्यापीठापर्यंत : दक्षिणेची बदलती परीक्षा

पेशवाईत दर श्रावणात पुण्याला ब्राह्मणांना दक्षिणा वाटली जाई. ही प्रथा मूळची पेशव्यांची नव्हे. सेनापती खंडेराव दाभाडे यांनी ती तळेगावला सुरू केली होती. १७३१ मध्ये डभईच्या लढाईत त्यांचे पुत्र त्रिंबकराव मारले गेले, दाभाड्यांचे वर्चस्व ओसरले आणि श्रावणमास दक्षिणेचा समारंभ पेशव्यांनी पुण्यात चालवायला घेतला. पुढे त्याचा वार्षिक खर्च लाखांच्या घरात गेला.

दक्षिणा घेणाऱ्यांचे दोन वर्ग होते. सामान्य भिक्षुकांना पर्वतीच्या पायथ्याशी, रमणा नावाच्या भिंतीने वेढलेल्या आवारात, सरसकट थोडे रुपये मिळत. वैदिक आणि शास्त्री यांना मात्र आपली विद्या दाखवावी लागे. ती शास्त्रीमंडळी पारखत आणि योग्यतेप्रमाणे रक्कम ठरत असे. मोठ्या विद्वानाला शालजोडीचा मानही मिळे.

या परीक्षेत कागदाला स्थान नव्हते. शास्त्र्याचा कस न्याय, व्याकरण, धर्मशास्त्र यांतील वादात लागे. वैदिकाचा कस पाठांतरात लागे. संहिता, ब्राह्मण, आरण्यक आणि वेदांगांचे ग्रंथ मिळून दहा ग्रंथ मुखोद्गत असणारा तो दशग्रंथी. त्याहून अवघड घनपाठ. त्यात ऋचेतील तीन पदे घेऊन पहिले-दुसरे, दुसरे-पहिले, पहिले-दुसरे-तिसरे, तिसरे-दुसरे-पहिले आणि पुन्हा पहिले-दुसरे-तिसरे असे म्हणायचे. हे तेरा उच्चार झाले की एक पद पुढे सरकून पुन्हा तोच क्रम. पदे उलटली की संधी बदलतो, उदात्त-अनुदात्त स्वरही बदलतात. त्यामुळे अडखळणारा ताबडतोब उघडा पडे. छापखाना नसलेल्या काळात ग्रंथ शुद्ध राखण्याचे काम माणसाच्या स्मरणावर होते, आणि परीक्षा त्या कामाला साजेशी होती.

परीक्षकाच्या नि:स्पृहतेची एक कथा रामशास्त्री प्रभुण्यांविषयी सांगितली जाते. त्यांचा भाऊ दक्षिणेसाठी आला तेव्हा नाना फडणविसांनी वीस रुपये देण्याचे सुचवले. विद्येच्या मानाने दोनच रुपये योग्य आहेत, भाऊ म्हणून द्यायचे ते मी घरून देईन, असे शास्त्रीबुवांनी सांगितले. तरीही या मापाला एक मोठी मर्यादा होती. परीक्षेला बसण्याचा अधिकारच जातीने ठरत होता. ब्राह्मणेतर आणि स्त्रिया या व्यवस्थेच्या बाहेरच होत्या.

१८१८ मध्ये पेशवाई बुडाली. दक्षिणा एकदम बंद केल्यास असंतोष वाढेल, हे इंग्रजांचा कमिशनर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन जाणून होता. सरसकट वाटप थांबले, पण विद्वानांसाठी वर्षाला ५०,००० रुपयांची तरतूद राहिली. १८२१ मध्ये विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा निघाली, तीही याच निधीच्या आधारावर. पुढे सरकारने नवी नावे घेणे थांबवले आणि शिल्लक पडणारा पैसा शिक्षणाकडे वळवायला सुरुवात केली.

या पैशाचे काय करायचे यावरून १८४९ च्या सुमारास पुण्यात मोठा तंटा झाला. गोपाळ हरी देशमुख, म्हणजे लोकहितवादी, आणि त्यांच्या बरोबरीच्या तरुणांनी सरकारकडे अर्ज केला. दक्षिणेचा काही भाग मराठीत उपयुक्त ग्रंथ लिहिणाऱ्यांना बक्षीस म्हणून द्यावा, अशी त्यांची मागणी होती. सनातनी मंडळी खवळली. जोतीराव फुले सुधारकांच्या बाजूने उभे राहिले. अर्ज मान्य झाला आणि १८५१ मध्ये दक्षिणा प्राइझ कमिटी अस्तित्वात आली. आता पैसे मिळणार होते ते नवे लिहिल्याबद्दल, आणि तेही मराठीत.

माप बदलले, मापणारे फारसे बदलले नाहीत. फुल्यांनी १८५५ मध्ये 'तृतीय रत्न' हे नाटक याच कमिटीकडे पाठवले आणि ते नाकारले गेले. कमिटीतील ब्राह्मण सभासदांपुढे युरोपियन सभासदांचे काही चालले नाही, असे त्यांनी पुढे 'गुलामगिरी'त नमूद केले.

१८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ स्थापन झाले आणि १८५९ मध्ये पहिली मॅट्रिक परीक्षा झाली. सर्वांना एकच प्रश्नपत्रिका, लेखी उत्तरे, ठरावीक गुण आणि छापील निकाल, हा प्रकार इथल्या समाजाला नवा होता. १८६२ मध्ये पहिले चार बी.ए. बाहेर पडले. महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर त्यांपैकीच. हे दोघेही दक्षिणा फेलो होते. घनपाठ्याला मिळणाऱ्या पैशातून आता इंग्रजी शिकलेल्या हुशार विद्यार्थ्याला वेतन मिळू लागले. पाठशाळेचे रूपांतर होत होत १८६४ मध्ये तिला डेक्कन कॉलेज हे नाव मिळाले. मराठी मात्र विद्यापीठाच्या वरच्या परीक्षांतून लवकरच बाजूला पडली. तिला पुन्हा स्थान मिळावे म्हणून रानड्यांना दीर्घकाळ खटपट करावी लागली.

लेखी परीक्षेत उत्तरपत्रिकेवरून जात किंवा लिंग ठरत नाही, हा या पद्धतीचा मोठा गुण होता. पण गुण मिळवणे आणि त्याचे फळ मिळणे या दोन गोष्टी वेगळ्या राहिल्या. १८८० च्या दशकात कॉर्नेलिया सोराबजी डेक्कन कॉलेजात पहिल्या आल्या. त्या क्रमांकाला इंग्लंडमध्ये शिकण्याची सरकारी शिष्यवृत्ती होती. ती त्यांना स्त्री म्हणून नाकारण्यात आली.

दक्षिणेच्या एकाच निधीने शंभर-सव्वाशे वर्षांत आधी स्मरणशक्ती, मग ग्रंथरचना आणि शेवटी विद्यापीठातील गुण यांना मोल दिले. बुद्धी तीच होती. प्रत्येक काळी तिचे माप ठरवले ते पैसा ज्यांच्या हाती होता त्यांनी.