रेषेतली नायिका

इ. स. १९३० च्या ऑगस्ट महिन्यात न्यूयॉर्कच्या फ्लायशर बंधूंच्या चित्रशाळेतून ‘डिझी डिशेस’ नावाचा एक छोटासा कार्टूनपट बाहेर पडला. त्यातील खाणावळीच्या रंगमंचावर एक गायिका थोडा वेळ येते, गाते आणि जाते. तिचे नाक कुत्रीचे आहे, कान पूडल जातीच्या कुत्र्यासारखे लोंबते आहेत. मात्र मानेखाली ती पुरती बाई आहे. १९३२ उजाडता उजाडता ते नाक गेले आणि लोंबत्या कानांचे डूल झाले. हीच पुढे जगभर गाजलेली बेटी बूप. कुत्रीची बाई करण्यास चित्रकाराला जे बदलावे लागले ते एवढेच. बाकीचे सारे, म्हणजे तोकडा झगा, मांडीवरचा पट्टा, टपोरे डोळे, आधीपासून तयारच होते.

आजच्या विषयाला आम्ही येथूनच हात घालतो, कारण कार्टूनपटाचे एक वैशिष्ट्य येथे उघडे पडते. पडद्यावरील नटी उंच असते, सावळी असते, तिच्या हनुवटीवर तीळ असतो. तो कोणी ठरविलेला नसतो. रेषेच्या जगात असे आपोआप काहीच येत नाही. एकेक पापणी कोणीतरी बसून काढावी लागते. म्हणून स्त्री म्हणजे काय, याविषयीच्या एखाद्या काळाच्या समजुती जशा कार्टूनपटात सापडतात तशा क्वचितच दुसरीकडे सापडतील. १९२८ साली मिकी उंदराबरोबर मिनी पडद्यावर आली. मिकीची तीच आकृती. तिला पापण्या, झगा, टोपी आणि उंच टाचांचे जोडे दिले की मिनी झाली. मूळ आकृती पुरुषाची आणि स्त्री म्हणजे तिच्यावरची भर, असा हा हिशेब.

बेटीला जन्म देणाऱ्या चित्रकाराचे नाव ग्रिम नॅटविक. १९३४ च्या मध्यापासून अमेरिकेत चित्रपटांची नीतिसंहिता कडक झाली, तेव्हा बेटीचा झगा खाली उतरला, मांडीवरचा पट्टा अदृश्य झाला आणि ती घरंदाज बनली. झगा तोकडा करणारेही पुरुष आणि लांब करणारेही पुरुष. नॅटविक तोवर फ्लायशरांकडून निघून गेला होता. पुढे तो वॉल्ट डिस्नेकडे गेला आणि तेथे ‘स्नो व्हाइट’ची आकृती हलती करणाऱ्यांत प्रमुख ठरला. छचोर गायिका आणि भोळी राजकन्या एकाच हाताने काढल्या, याचे आम्हांस मोठे नवल वाटते. पण विचार करता नवल वाटण्याचे कारण नाही.

‘स्नो व्हाइट’ २१ डिसेंबर १९३७ रोजी लॉस एंजेलिस येथे प्रथम दाखविला गेला. नायिकेच्या हालचाली खऱ्या वाटाव्यात म्हणून मार्जोरी बेल्चर या किशोरवयीन नर्तकीला नाचवून, चालवून तिचे चित्रण केले होते आणि चित्रकार ते समोर ठेवून रेखाटने करीत. पण चित्रातील नायिकेचे डोके शरीराच्या मानाने मोठे हवे होते. तेव्हा त्या मुलीच्या डोक्यावर फुटबॉलचे शिरस्त्राण चढवून पाहिले, आणि आत उकडू लागल्याने तो प्रयोग सोडावा लागला, असे तिने पुढे सांगितले आहे. जिवंत मुलगी समोर असूनही ती पुरेशी ‘मुलगी’ नव्हती!

आता त्याच चित्रपटातील बुटके पाहा. सात जण, आणि सातांचे सात स्वभाव. एक चिडका, एक झोपाळू, एक शिंकरा. नाके निराळी, चाली निराळ्या. व्यंगचित्राचा प्राणच अतिशयोक्ती. नायिकेवर मात्र अतिशयोक्तीला बंदी, कारण नाक थोडे वाढले तर ती सुंदर राहत नाही. मग उरते काय? गोल चेहरा, लहान तोंड, हळुवार हात. चित्रकाराची खरी मौज ज्यांना कुरूप होण्याची मुभा आहे त्यांच्यापाशी जाते: राणीची चेटकीण होते त्या प्रसंगाकडे, १९५९ च्या ‘स्लीपिंग ब्यूटी’तील शिंगाड्या मॅलेफिसेंटकडे, १९८९ च्या ‘लिटल मरमेड’मधील अगडबंब अर्सुलाकडे. स्त्रीने वयस्क, धिप्पाड किंवा सत्ताधीश व्हावयाचे तर खलनायिका व्हावे. नाहीतर प्रेमळ आजीबाई.

आपल्याकडे बालगंधर्वांची लुगडे नेसण्याची तऱ्हा पाहून घरंदाज बायका तशा नटू लागल्या, हे अनेकांनी वडीलधाऱ्यांकडून ऐकले असेल. पुरुषाने कल्पिलेली स्त्री स्त्रियांना अनुकरणीय वाटली. परंतु बालगंधर्वांना निदान स्वतःचा देह होता आणि त्याच्या मर्यादा होत्या. रेषेची कंबर हवी तितकी बारीक होऊ शकते.

मग या चित्रशाळांत बायका नव्हत्या काय? होत्या, आणि पुष्कळ होत्या. पुरुषांनी पेन्सिलीने काढलेली चित्रे पारदर्शक पत्र्यांवर शाईने उतरवून घेणे आणि मागून रंग भरणे हे काम शेकडो तरुणी करीत. हात किंचित कापला तर पत्रा फुकट. १९३८ साली कामासाठी अर्ज करणाऱ्या एका तरुणीला डिस्नेच्या संस्थेने पाठविलेले उत्तर आज प्रसिद्ध आहे. पडद्यासाठी चित्रे रचण्याचे सर्जनशील काम तरुण पुरुष करतात, मुलींनी शाई आणि रंग यांपुरतेच यावे, असा त्याचा आशय. ज्या कागदावर ते उत्तर आले त्यावर स्नो व्हाइटचेच चित्र छापलेले होते.

तरीही काही जणी आत शिरल्याच. फ्लायशरांकडे लिलियन फ्रीडमन हिने बेटी बूपची चित्रे हलती केली, पण श्रेयनामावलीत बहुधा तिचे नाव येत नसे. १९४२ च्या ‘बॅम्बी’त रेटा स्कॉट हिचे नाव डिस्नेच्या चलच्चित्रकारांत प्रथमच एका स्त्रीचे म्हणून झळकले. तिच्या वाट्याला काय होते? हरिणीवर तुटून पडणारे शिकारी कुत्रे. ते दृश्य आजही अंगावर येते.

परंतु पेन्सिल स्त्रीच्या हाती दिली की सारे बदलते, असेही मानू नये. जर्मनीच्या लोटे रायनिगर हिने १९२६ साली काळ्या कागदाच्या छायाकृती कात्रीने कापून ‘राजपुत्र अहमदची साहसे’ हा चित्रपट पुरा केला. पूर्ण लांबीच्या उपलब्ध कार्टूनपटांत तो सर्वांत जुना. त्यातील परी बानू कमनीय आहे, तळ्यात स्नान करते, आणि राजपुत्र झुडपाआडून पाहतो. जुन्या कथेचा साचा तिनेही मोडला नाही. मात्र त्याच चित्रपटात एक बोजड, बेढब चेटकीण आहे. ती नायकांच्या बाजूने लढते आणि दुष्ट जादूगाराला मारते. डिस्नेच्या चेटकिणीच्या अकरा वर्षे आधी!

अलीकडची एक हकीकत सांगतो. ब्रेंडा चॅपमन या दिग्दर्शिकेने ‘ब्रेव्ह’ची कथा स्वतःच्या मुलीवरून रचली. चित्रपट पुरा होण्याआधी तिला दिग्दर्शनावरून दूर केले गेले. पुढे ऑस्कर मिळाले ते तिला आणि तिच्या जागी आलेल्या दिग्दर्शकाला मिळून. २०१२ च्या या चित्रपटातील मेरिडा ही केस विस्कटलेली, धनुर्धारी, लग्नास नकार देणारी राजकन्या. १९१३ नव्हे, २०१३ च्या मे महिन्यात डिस्नेच्या राजकन्यांच्या पंक्तीत तिला बसविताना नवे चित्र काढले, आणि त्यात कंबर बारीक झाली, गळा खाली आला, केस नीट विंचरले गेले आणि धनुष्य नाहीसे झाले. चॅपमनने उघडपणे निषेध केला. निषेधपत्रावर दोन लाखांहून अधिक सह्या झाल्या. कंपनीच्या संकेतस्थळावर मग जुनी मेरिडा परत आली, धनुष्यासह.