वेस्टर्न इंटरनॅशनल हॉकी लीग व ‘हौशी’ शब्दाचा अर्थ

क्रीडेचा इतिहास लिहितांना करंडकावर कोरलेल्या नांवांवर विसंबण्याचा प्रघात आहे. असें नांव शिलालेखासारखें असतें. तें विजयाची साक्ष देतें, परंतु विजेत्याचा योगक्षेम कशावर चालला होता, हें सांगत नाहीं. प्रस्तुत लेखांत कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतांतील एका वरिष्ठ हौशी आइस हॉकी लीगचा वृत्तांत देऊन, ‘हौशी’ या शब्दास तेथें व्यवहारांत काय अर्थ होता, याचा निर्णय करण्याचें योजिलें आहे.

इंग्रजी ‘अमॅच्युअर’ हा शब्द फ्रेंचमधून आला असून त्याचें मूळ ‘प्रेम करणारा’ या अर्थाच्या लॅटिन शब्दांत आहे. आपला ‘हौशी’ हा अरबी-फारशी ‘हवस’ शब्दाच्या कुळांतला. दोहोंतही आवड आहे, वेतन नाहीं. कॅनडांत हा भेद करंडकांच्या द्वारें स्पष्ट झाला. 1888 सालीं लॉर्ड लॅन्सडाउन कॅनडा सोडून हिंदुस्थानचे व्हाइसरॉय झाले. त्यांच्या मागून तेथें गव्हर्नर-जनरल झालेले लॉर्ड स्टॅन्ले यांनीं 1892 सालीं हॉकीसाठीं करंडक देऊं केला. पुढें तो पगारी संघांकडे गेला, तेव्हां केवळ हौशी संघांकरितां सर माँटेग्यू अ‍ॅलन यांनीं 1908 सालीं दुसरा करंडक दिला. वरिष्ठ, म्हणजे कनिष्ठ गटाची वयोमर्यादा ओलांडलेल्या, हौशी खेळाडूंचें तेंच परमोच्च पारितोषिक ठरलें.

आतां आपल्या लीगच्या भूमीकडे वळूं. ब्रिटिश कोलंबियाच्या आग्नेय भागांत कूटेने हा डोंगराळ प्रदेश आहे. तेथील किंबर्ले गांवीं सलिव्हन नांवाची शिसें, जस्त व चांदी यांची खाण होती. खनिज शुद्ध करण्याचा कारखाना कोलंबिया नदीकांठच्या ट्रेल गांवीं 1896 सालीं सुरू झाला. पुढें खाण व कारखाना हीं दोन्ही 1906 सालीं स्थापन झालेल्या एकाच कंपनीच्या हातीं आलीं. किंबर्लेच्या संघानें ‘डायनामायटर्स’, म्हणजे सुरुंग लावणारे, असें नांव घेतलें. ट्रेलचा संघ ‘स्मोक ईटर्स’, म्हणजे धूर खाणारे, या नांवानें प्रसिद्ध झाला.

या दुसऱ्या नांवाविषयीं एक आख्यायिका आहे. 1929 च्या सुमारास व्हँकूव्हर येथील सामन्यांत कोणा प्रेक्षकानें धूम्रपानाची नळी बर्फावर भिरकावली, ट्रेलच्या खेळाडूनें ती उचलून ओढीत मैदानांत फेरी मारली आणि वृत्तपत्रानें नांव ठेवलें, असें सांगतात. आख्यायिका खरी धरली तरी तें नांव टिकण्याचें कारण कारखान्याचीं धुराडीं हेंच होय. तो धूर सीमा ओलांडून अमेरिकेंतील वॉशिंग्टन राज्याच्या शेतांवर जात असे. त्याबद्दल दोन्ही राष्ट्रांमध्यें लवाद बसून 1938 व 1941 सालीं निवाडे झाले, आणि आंतरराष्ट्रीय कायद्याचे अभ्यासक आजही त्यांचा आधार घेतात.

1936 हें वर्ष या विषयांत निर्णायक आहे. त्या वर्षीं कॅनडाच्या हौशी हॉकी संस्थेनें चार कलमें मांडलीं. एका कलमान्वयें खेळाडूस आपल्या हॉकींतील कौशल्याच्या बळावर रीतसर नोकरी मिळविण्याची मुभा होती. दुसऱ्या कलमान्वयें खेळापायीं बुडालेल्या कामाच्या वेळेचा मोबदला त्यास घेतां येत असे. सर्व खेळांच्या मध्यवर्ती हौशी संघटनेनें तीं अमान्य केलीं व दोन्ही संस्थांची फारकत झाली. त्याच वर्षीं किंबर्लेनें अ‍ॅलन करंडक जिंकला आणि 1937 सालीं लंडन येथें जागतिक अजिंक्यपद मिळविलें. ट्रेलनें 1938 सालीं करंडक व 1939 सालीं स्वित्झर्लंडांत जागतिक अजिंक्यपद पटकाविलें. एकाच कंपनीच्या दोन गांवांनीं हें चार वर्षांत साधलें. कंपनी चांगल्या खेळाडूंस काम देई. ते दिवसा खाणींत वा कारखान्यांत राबत व रात्रीं खेळत.

1946 सालीं या भागांत वेस्टर्न इंटरनॅशनल लीग उभी राहिली. किंबर्ले, ट्रेल, नेल्सन, रॉसलंड, क्रॅनब्रुक यांबरोबरच सीमेपलीकडील स्पोकेनचे संघही तींत वेळोवेळीं खेळले. 1960 सालीं अ‍ॅलन करंडकाच्या अंतिम फेरींत ट्रेलचा चॅथमकडून पराभव झाला, परंतु चॅथमनें परदेशीं जाण्याचें नाकारल्यामुळें ट्रेलचीच निवड झाली. 12 मार्च 1961 रोजीं जिनीव्हा येथें ट्रेलनें सोव्हिएट संघास 5–1 असें हरविलें. चेकोस्लोव्हाकियाचे गुण तितकेच होते, पण गोलांच्या फरकानें अजिंक्यपद ट्रेलकडे आलें. या संघाचे गोलरक्षक सेथ मार्टिन 1967–68 चा एक हंगाम सेंट लुईच्या पगारी संघांत खेळून पुनः ट्रेललाच परतले.

1963 नंतर जागतिक स्पर्धेस गांवचा संघ धाडण्याची रीत मागें पडून निवडक राष्ट्रीय संघ जाऊं लागला. 1961 नंतरचें जागतिक अजिंक्यपद कॅनडास 1994 सालीं लाभलें. लीगमधील संघांनीं मात्र अ‍ॅलन करंडक पुढेंही जिंकला : ट्रेल 1962, स्पोकेन 1970, 1972, 1976 व 1980, किंबर्ले 1978 आणि क्रॅनब्रुक 1982. त्या दशकाच्या अखेरीस लीग संपुष्टांत आली. सलिव्हन खाण 2001 सालीं बंद झाली.

यावरून निर्णय असा कीं, येथील ‘हौशी’ हा निर्वेतन नव्हता. त्याचें वेतन बर्फावरून न येतां भट्टींतून येत होतें. संस्कृतांत ‘वृत्ति’ शब्दाचे उपजीविका व स्वभाव असे दोन्ही अर्थ आहेत. या खेळाडूंची वृत्ति दोन्ही अर्थांनीं एकाच गांवीं बांधलेली होती. यास ढोंग म्हणणें अन्यायाचें होईल, आणि निव्वळ हौस म्हणणें भोळेपणाचें. दानपत्राबरोबर गांवचा जमाखर्च पाहावा, त्याप्रमाणें करंडकाबरोबर कारखान्याचें हजेरीपत्रकही इतिहासकारानें वाचलें पाहिजे.