कोंबडीचा रातथारा

कोंबडीचा रातथारा : दिवेलागणीला उंच जागा गाठून तिथे रात्र काढण्याची कोंबडीची उपजत प्रवृत्ती आणि त्यासाठी खुराड्यात केलेली सोय. ठाणे जिल्ह्याच्या भिवंडी तालुक्यातील दिघाशीसारख्या भातशेतीच्या गावांत गावठी कोंबड्या दिवसा अंगणात, उकिरड्यावर आणि खळ्यावर चरतात. रात्री त्यांना डालग्याखाली डालतात किंवा खुराड्यात कोंडतात. रानमांजर आणि भटकी कुत्री यांच्यापासून बचाव व्हावा म्हणून ही पद्धत पडली आणि ती आवश्यकच आहे. मात्र दार बंद केले की कोंबडीची रात्रीची सोय झाली, हा समज अपुरा आहे. बसायला आडवी दांडी नसेल तर खुराडे तिला फक्त कोंडते, थारा देत नाही. आणि कोकणपट्टीच्या पावसात तेच तिच्या दुखण्याचे कारण होते.

ही गरज तिच्या पूर्वजांकडून आली आहे. पाळीव कोंबडीचा मूळ पुरुष लाल रानकोंबडा झाडाच्या फांदीवर झोपतो. पिवळ्या कातडीचे जनुक तिला ज्याच्याकडून मिळाल्याचे २००८ साली दिसून आले, तो सह्याद्रीतला करडा रानकोंबडाही रात्री झाडच गाठतो. माणसाने पाळलेल्या कोंबडीचे आजवरचे सर्वांत जुने खात्रीचे अवशेष थायलंडमधील बान नॉन वाट येथले, इ.स.पू. १६५० ते १२५० या काळातले मानले जातात, आणि तिथेही ती भातशेतीच्या दाण्यांमागे वस्तीजवळ आली असावी. एवढा काळ माणसाच्या दारात राहूनही उंचावर झोपण्याची ओढ गेली नाही. स्वीडनमध्ये अ‍ॅना ओल्सन आणि लिंडा कीलिंग यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या निरीक्षणांत दिवे मालवल्यावर दहा मिनिटांच्या आत नव्वद टक्क्यांहून अधिक कोंबड्या दांडीवर चढलेल्या होत्या. पुढच्या प्रयोगात दांडीकडे जाणारे दार जड केले, तरी त्या ते ढकलून आत गेल्या. नुसत्या सवयीसाठी पक्षी इतके कष्ट घेत नाही.

संध्याकाळी खुराड्यापाशी थोडा वेळ थांबले की ही ओढ दिसते. कोंबडी शेवटचे दाणे टिपून गळ्यातली पिशवी फुगवून घेते, दांडीखाली उभी राहते, मान वाकडी करून आधी एका आणि मग दुसऱ्या डोळ्याने उंची जोखते, पाय दुमडते आणि झेप घेते. वर काही वेळ रेटारेटी आणि टोचाटोची चालते. नॉर्वेच्या थोर्लिफ श्येल्डेरुप-एब्बे यांनी १९२१ च्या सुमारास कोंबड्यांमधली जी मानाची उतरंड मांडली, ती इथेही चालते. उंचीत फरक असेल तर वरची जागा बहुधा वरचढ कोंबडी घेते. म्हणून सगळ्या दांड्या एकाच उंचीवर लावल्या की भांडणे कमी होतात. बसल्यावर पाय दुमडला की मागचे स्नायुबंध ताणले जाऊन बोटे दांडीभोवती वळतात आणि पोटाची पिसे पायांवर उतरतात. अंधारात तिला जवळजवळ दिसत नाही. मानमोडीची लस द्यायला कोंबड्या रात्री किंवा पहाटे धरतात त्या याच कारणाने, आणि याच कारणाने शत्रू येण्याआधी उंची गाठणे तिला भाग असते.

यावर पहिला आक्षेप असा, की पिढ्यान्‌पिढ्या कोंबड्या डालग्याखालीच निजल्या, त्यांचे काय बिघडले? उन्हाळ्यात, कोरड्या ओट्यावर, चार-पाच कोंबड्या असतील तर फारसे बिघडत नाही, हे मान्य करायला हवे. पण आषाढात जमीन ओल धरते, भाताचे तूस पसरले तरी दोन दिवसांत त्याचा गोळा होतो आणि रात्रभराची शीट कोंबडीच्या पोटाखालीच साचते. ओल्या तुसातून अमोनियाचा वास उठतो, डोळे चुरचुरतात. रक्ती हगवण करणाऱ्या कॉक्सिडियाला अशीच ओल लागते. दांडी असली की शीट खाली पडते, कोंबडी वर कोरडी राहते आणि सकाळी खत एका पट्ट्यात गोळा करता येते. मग झाडावरच का झोपू देऊ नये? कारण तिथे शिकारी प्राण्यांची भीती आहेच, शिवाय रानपक्ष्यांशी संपर्क येतो. फेब्रुवारी २०२२ मध्ये शेजारच्या शहापूर तालुक्यात वेहळोलीला बर्ड फ्लू आढळून हजारो कोंबड्या नष्ट कराव्या लागल्या, हे विसरून चालणार नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. दांडीवरून उतरताना आपटून छातीचे मधले हाड मोडू शकते आणि दांडीच्या दाबाने वाकू शकते, हे अंडी देणाऱ्या कोंबड्यांत दिसून आले आहे, आणि ब्रॉयलर तर जड अंगामुळे दांडीचा वापर फारच कमी करतो. पण हा दोष उंचीचा आणि मांडणीचा आहे. वनराजासारख्या भारी जातींना माणसाच्या गुडघ्याच्या खालीच दांडी पुरे. उडी मारून उतरायला समोर मोकळी जागा हवी. दांडी चार-पाच सेंटीमीटर जाडीची, कडा गोल केलेली असावी. जागेचा हिशेब युरोपीय संघाच्या १९९९ च्या निर्देशात दर कोंबडीला किमान १५ सेंटीमीटर असा आहे. आपल्या उकाड्यात थोडी जास्त ठेवावी. बांबू सोयीचा असला तरी त्याच्या फटींत दिवसा गोचीड आणि बारीक तांबडे किडे (माइट) दडतात आणि रात्री रक्त पितात, म्हणून दांडी काढून उन्हात टाकता येईल अशी बसवावी. खुडूक कोंबडी याला अपवाद : ती अंड्यांवर आणि पुढे पिल्लांसह खालीच निजते. पिल्लांना मात्र पहिल्या चार आठवड्यांतच वीतभर उंचीची दांडी मिळावी, कारण त्या वयात चढायला न शिकलेल्या तलंगा पुढेही उंची नीट जोखू शकत नाहीत आणि जमिनीवरच अंडी घालत राहतात.