ठिणगी गेली कुठे?

पीएच.डी.च्या दिवसांतली गोष्ट. मॅडिसनच्या मेंडोटा तळ्यात, ऐन संध्याकाळी, आमच्या होडीची जुनी मोटर बंद पडली. दोरी ओढून ओढून हात दुखला, पण मोटर ढिम्म. वारा वाढलेला, सोबत भारतातून आलेले बाबा. शेवटी वल्ही उचलली. बाबा म्हणाले, "एवढं शिकून वल्हवायचंच होतं, तर कोकण काय वाईट होतं?"

गंमत म्हणजे या मोटरींचं नशीब उघडलं तेच वल्हवण्याच्या कंटाळ्यातून, आणि तेही इथून तासाभरावर. नॉर्वेहून लहानपणी विस्कॉन्सिनला आलेला ओले एव्हिनरूड १९०६ साली ओकॉची तळ्यावर सहलीला गेला होता. मैत्रीण बेसला आइस्क्रीम हवं झालं. ते घेऊन वल्हवत परत येईपर्यंत त्याचं पाणी झालं, असं सांगतात. १९०९ मध्ये मिलवॉकीत त्याच्या मोटरी विकायला आल्या. ताकद दीड अश्वशक्ती, वजन ६२ पौंड. अशी मोटर करणारा तो पहिला नव्हे, पण बायको झालेल्या बेसने जाहिराती सांभाळल्या आणि धंदा उभा राहिला.

डोकेदुखी होती ठिणगीची. सुरुवातीला त्यासाठी बॅटरी लागे, आणि पाण्याचं नि बॅटरीचं जमत नाही. उपाय निघाला मॅग्नेटोचा. फ्लायव्हीलमध्ये चुंबक, त्याखाली कॉइल. चाक फिरलं की कॉइलमध्ये करंट येतो. नेमक्या क्षणी पॉइंट उघडून तो तोडतात आणि प्लगला हजारो व्होल्ट मिळतात. म्हणजे ठिणगी येते ती आपल्याच हाताच्या झटक्यातून! आपल्याकडच्या जुन्या स्कूटरींचं तंत्रही हेच.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या आजोबांनी प्लग काढून, वायरीला जोडून, इंजिनाला टेकवला आणि दोरी ओढली. ठिणगी नाही! फ्लायव्हील उतरवलं, तर पॉइंटवर पांढुरका थर. घासून साफ केले, गॅप लावला, आणि निळी ठिणगी हजर.

१९६० च्या दशकात मोठ्या मोटरींमध्ये इलेक्ट्रॉनिक इग्निशन आलं आणि हळूहळू पॉइंट गेले. आता ठिणगी सहसा रुसत नाही, पण रुसली तर सीलबंद डबा बदलण्यापलीकडे घरी काही करता येत नाही. २०२० मध्ये एव्हिनरूड मोटरींचं उत्पादनही थांबलं.

पुढच्या रविवारी आम्ही पुन्हा निघालो. बाबांनी होडीत आधी वल्ही ठेवली, मग पाय.