पुण्याची महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा व तिच्या मंजुरीचा इतिहास

राजेरजवाड्यांनीं दिलेल्या सनदा व इनामपत्रें यांचा संग्रह आपल्याकडे पुष्कळ झाला आहे. परंतु इंग्रजी अमदानींत विद्यापीठाच्या छत्राखालीं ज्या शास्त्रीय योजना आंखल्या गेल्या, त्यांस मंजुरी कोणीं दिली, काय पाहून दिली, आणि त्या मंजुरींत कोणती गोष्ट राहून गेली, इकडे संशोधकांचें लक्ष त्या मानानें थोडें गेलें आहे. अशा योजनांचें एक ठळक उदाहरण खुद्द पुण्यांतच घडलें. मुळा-मुठेच्या संगमाजवळील कॉलेज ऑफ सायन्समध्यें इ. स. १८८८ पासून १९१२ पर्यंत नांदलेली महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा, हें तें उदाहरण होय.

प्रथम त्या काळची रीत ध्यानांत घेतली पाहिजे. मुंबई विद्यापीठ इ. स. १८५७ सालीं स्थापन झालें खरें. परंतु परीक्षा घेणें, पदव्या देणें व कॉलेजें जोडून घेणें, एवढेंच त्याचें काम होतें. स्वतः अध्यापन करण्याचा व प्रयोगशाळा चालविण्याचा अधिकार विद्यापीठांस इ. स. १९०४ च्या कायद्यानें स्पष्टपणें मिळाला. त्यामुळें कॉलेजास एखादें मोठें यंत्र हवें असल्यास त्याचा निर्णय विद्यापीठाच्या सभेंत होत नसे. सरकारी कॉलेजें शिक्षणखात्याच्या ताब्यांत होतीं, आणि खर्चास मान्यता मुंबई सरकारचीच लागे. त्यांतच इ. स. १८५४ च्या शिक्षणविषयक खलित्यानें घालून दिलेलें मदतीचें तत्त्व असें, कीं लोकांनीं द्रव्य उभें करावें व सरकारनें त्यांत भर घालावी. अर्थात् नव्या योजनेस एक दाता मिळाला, म्हणजे मंजुरीची निम्मी वाट सरली असें होई.

प्रस्तुत प्रकरणीं तसेंच घडलें. कावसजी दादाभाई नायगमवाला (१८५७-१९३८) हे मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजांत पदार्थविज्ञान शिकवीत असत. इ. स. १८८२ सालीं भावनगरचे महाराज तख्तसिंगजी यांनीं त्या कॉलेजास भेट दिली, त्या निमित्तानें ५,००० रुपयांची देणगी मिळाली, व तितकीच रक्कम मुंबई सरकारनें घातली. ही मंजुरी वर्णपटाच्या अभ्यासासाठीं प्रयोगशाळा उभारण्यापुरती होती. वेधशाळेचा विचार तेव्हां नव्हता. पुढें इ. स. १८८४ सालीं नायगमवाला साधनें खरेदी करण्याकरितां इंग्लंडास गेले असतां, तेथील ज्योतिषज्ञांच्या सल्ल्यानें योजनेचें रूप पालटलें, व प्रयोगशाळेच्या जागीं वर्णपट-वेधशाळा करावी असें ठरलें. इ. स. १८८५ सालीं त्यांची बदली पुण्यास कॉलेज ऑफ सायन्समध्यें झाली, तेव्हां योजनाही त्यांच्यामागें पुण्यास आली. याप्रमाणें तीन वर्षांत योजनेचा विषय बदलला, गांव बदललें, कॉलेज बदललें. अखेरपर्यंत कायम राहिलें तें एका माणसाचें नांव. पुढील सर्व इतिहासाचें बीज येथेंच आहे.

वेधशाळा इ. स. १८८८ सालीं सुरू झाली. डब्लिनच्या ग्रब यांच्या कारखान्याची २० इंच व्यासाची परावर्तक दुर्बीण हें तिचें मुख्य यंत्र असून, तत्कालीन हिंदुस्थानांतील ती सर्वांत मोठी दुर्बीण होती. केवळ शोभेची वस्तू म्हणून ती राहिली नाहीं. मृगनक्षत्रांतील तेजोमेघाच्या वर्णपटांत एक ठळक रेषा दिसते. ती मॅग्नेशियम धातूच्या पट्ट्याची कडा आहे असें लॉक्यर यांचें मत होतें, व हगिन्स यांस तें मान्य नव्हतें. नायगमवाला यांनीं पुण्यास घेतलेल्या वेधांत ती रेषा धारदार आढळली, व इ. स. १८९१ सालीं प्रसिद्ध झालेला हा निष्कर्ष हगिन्स यांच्या बाजूचा ठरला. ती रेषा प्राणवायूची आहे, हें बोवेन या शास्त्रज्ञानें इ. स. १९२७ सालीं दाखविलें.

दुसरें मोठें कार्य २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणाचें. नायगमवाला यांनीं सोलापूर जिल्ह्यांतील जेऊर येथें तळ देऊन वेध घेतले, व त्यांचा अहवाल इ. स. १९०२ सालीं मुंबईस छापून निघाला. याच ग्रहणास सर नॉर्मन लॉक्यर विजयदुर्गास आले होते. ते इ. स. १८६८ च्या ग्रहणासही तेथें होते, ही प्रचलित समजूत मात्र निराधार आहे. त्या सालीं ते इंग्लंडांतच होते.

इतकें असूनही वेधशाळेचें आयुष्य २४ वर्षांचेंच झालें. दाते महाराज इ. स. १८९६ सालीं निवर्तले. इ. स. १९११ सालीं कॉलेज ऑफ सायन्सचें नांव कॉलेज ऑफ एंजिनिअरिंग असें झालें. इ. स. १९१२ सालीं नायगमवाला सेवानिवृत्त झाले, आणि वेधशाळा मोडून तिचीं यंत्रें दक्षिणेंत कोडाईकनाल येथील सरकारी वेधशाळेंत पाठविण्यांत आलीं. तेथें ती २० इंची दुर्बीण भावनगरची दुर्बीण या नांवानें ओळखली गेली. म्हणजे दात्याच्या संस्थानाचें नांव टिकलें, पण पुण्याचें गेलें. विद्यापीठास इ. स. १९०४ च्या कायद्यानें अधिकार आला होता, तरी ही वेधशाळा त्याच्याकडे गेली नाहीं.

याच्या शेजारीं मुंबईचीच दुसरी हकीकत ठेवून पाहावी. कुलाबा वेधशाळा ईस्ट इंडिया कंपनीनें इ. स. १८२६ सालीं स्थापिली, व पुढें तेथें भूचुंबकीय वेध नियमानें घेतले जाऊं लागले. मुंबईंत विजेच्या ट्रामगाड्या येणार असें ठरतांच त्या वेधांस बाध येईल हें ओळखून, इ. स. १९०४ सालीं अलिबाग येथें नवी वेधशाळा उभारण्यांत आली. इ. स. १९०६ पर्यंत दोन्ही ठिकाणीं एकाच वेळीं वेध घेऊन जुनी मोजणी नवीस जुळवून दिली, आणि विजेची ट्राम इ. स. १९०७ सालीं धांवूं लागली. या कामाचे प्रमुख नानाभाई अर्देशिर मूस हेही नायगमवाला यांच्याप्रमाणेंच पारशी विद्वान् होते. तेव्हां फरक माणसांच्या योग्यतेंत नव्हता. कुलाब्याच्या कामास संचालकाचें कायम पद होतें, आणि एक गृहस्थ गेला तर दुसरा त्या जागीं येई. पुण्यास पद व पुरुष एकच होऊन बसले होते.

यावरून निघणारा निष्कर्ष असा. पुण्याच्या योजनेस द्रव्याची मंजुरी मिळाली, यंत्राची मिळाली, जागेचीही मिळाली. या तिन्ही मंजुऱ्यांस उशीर अथवा कृपणता यांचा दोष देतां येत नाहीं. उणीव राहिली ती चौथ्या मंजुरीची: हें काम पुढें कोणीं चालवावयाचें, याची. आरंभींचा खर्च देणगीनें भागतो. वारसाची तजवीज मात्र देणगीनें होत नाहीं, ती संस्थेनें लेखी करून ठेवावी लागते. जुन्या देवस्थानांच्या सनदांत 'पुत्रपौत्रादि वंशपरंपरेनें' हे शब्द लिहिणारा कारकून ही गोष्ट पक्की जाणून होता.

संग्राहकांस शेवटीं एक विनंति. विद्यापीठें व कॉलेजें यांच्या अशा योजनांचे खर्चाचे अंदाज, यंत्रांच्या याद्या, कारखानदारांचीं पत्रें व खात्याचे शेरे हे कागद शंभर वर्षांचे होऊन गेले, तरी कोणी त्यांस अस्सल साधन मानीत नाहीं. प्राध्यापकांच्या घराण्यांत व संस्थानी दप्तरांत असे रुमाल हातीं आल्यास ते रद्दींत जाऊं देऊं नयेत. यंत्र परगांवीं गेलें तरी त्याचें नांव मागें राहतें. मंजुरीचा कागद एकदां गेला, म्हणजे योजना कशी जन्मली आणि कां मेली, हें सांगणारा कोणी उरत नाहीं.